मनाचं दुखणं आणि बोलून होणारा उपचार

(विहाराच्या वर्धापन दिन समारंभात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

समितीच्या भाऊंचा मला अकोल्याला फोन आला, तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी म्हटलं, "मनाच्या आजारावर आणि समुपदेशनावर बोलते." फोनवर जरा शांतता झाली. मग ते म्हणाले, "ताई, वर्धापन दिन आहे. एखादा आनंदाचा विषय घेतला असता तर?" मी म्हटलं, "भाऊ, आजारी माणूस बरा होतो, याहून आनंदाचा विषय कोणता?" ते हसले, आणि म्हणून मी आज अमरावतीला तुमच्यापुढे उभी आहे.

सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. मी शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. समुपदेशनाचा अभ्यासक्रम मी उशिरा केला, वयाच्या पंचेचाळिशीनंतर. तो का केला, ते आधी सांगते. हे माझ्या धाकट्या भावाचं आहे आणि त्याला विचारूनच सांगते आहे. तो म्हणाला, "सांग ताई, फक्त माझं नाव घेऊ नको. पोरं शाळेत जातात."

आमचे बाबा अकोल्यात जिनिंगमध्ये हमाली करायचे. भाऊ घरातला पहिला बी. एड. १९९८ साली तो पास झाला तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले. पण नोकरी काही लागेना. जिथं जागा तिथं पैशाची मागणी. एक वर्ष गेलं, दोन गेली. हळूहळू त्यानं बाहेर जाणं सोडलं. दाढी करेना, आंघोळीला ऊठ म्हटलं तर उठेना. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मी विचारलं तर एकदाच म्हणाला, "ताई, मले काईच वाटत नाई. ना रडू येत, ना हासू येत."

आणि आम्ही काय केलं? आम्ही त्याला हिंमत दिली. म्हणजे आम्हाला ती हिंमत वाटली. मी त्याला म्हणाले, "बाबासाहेबांनी किती सोसलं, आणि तू एवढ्यानं खचतोस? लाज वाटत नाही?" आज इतक्या वर्षांनी त्या वाक्याचा मला पश्चात्ताप होतो. बाबासाहेबांचं नाव पडलेल्याला उठवण्यासाठी घ्यायचं असतं, पडलेल्याच्या पाठीत काठीसारखं मारायला नाही. मी ते काठीसारखं वापरलं.

मायनं काय केलं ते तर नंतर कळलं. आमचं घर बावीस प्रतिज्ञा घेतलेलं. पण पोराच्या काळजीनं मायनं चोरून एका बाबाला विचारलं. लिंबू उतरवलं, उशीखाली गंडा ठेवला. मी तिला बोल लावत नाही. ज्या घराला खरा उपचार कुठं मिळतो हेच माहीत नाही, ते घर मिळेल त्या दारात जातं.

अशी सहा वर्षं गेली. २००४ च्या पावसाळ्यात एका रात्री त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजाऱ्यांच्या धावपळीनं वाचला. दवाखान्यात त्याचं शरीर वाचवलं, त्यासाठी मी त्या लोकांची जन्मभर ऋणी आहे. पण "याच्या मनाला काय झालं?" हे तिथं कुणीच विचारलं नाही. पोलिसांचा जबाब झाला आणि सुट्टी मिळाली. पुढे नात्यातल्या एका नर्सबाईनं आम्हाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. औषध सुरू झालं, आणि आठवड्यातून एकदा समुपदेशकाकडे बसणं सुरू झालं.

पहिल्या दिवशी मी त्याच्यासोबत होते. तो पंधरावीस मिनिटं एक शब्द बोलला नाही. समुपदेशकही बोलले नाहीत, नुसते शांत बसले. माझा जीव खालीवर होत होता. मला वाटलं, हे गृहस्थ पैसे कशाचे घेतात? मग त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. तासाभरानं भाऊ बाहेर आला, डोळे लाल. त्या दिवशी सहा वर्षांत पहिल्यांदा तो रडला होता. त्यानं आत काय सांगितलं ते त्यानं मला पुढे केव्हातरी सांगितलं. "बाबांनी माझ्या बी. एड. साठी कर्ज काढलं, मायचे डोरले गेले. मी त्यांचे पैसे बुडवले. मी घराला ओझं आहे." एवढंच होतं ते. हे वाक्य तो सहा वर्षं पोटात घेऊन पडला होता, आणि आम्ही बाहेरून त्याला हिंमत धर म्हणत होतो.

आता विषयाकडे येते. समुपदेशन आणि मानसोपचार म्हणजे नेमकं काय? शब्दात उपदेश आहे म्हणून लोकांना वाटतं की कुणीतरी शहाणा माणूस दोन गोष्टी सांगतो. तसं नाही. उपदेश आपल्याकडे फुकट आणि भरपूर मिळतो. समुपदेशक आधी ऐकतो, मग आपल्याच मनाची गुंतागुंत आपल्याला दाखवतो, आणि ती सोडवायची रीत शिकवतो. सोडवतो माणूस स्वतःच.

किसा गौतमीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन ती औषध मागत आली. तथागतांनी तिला "मरण अटळ आहे, रडू नको" असं व्याख्यान दिलं नाही. जिथं कुणी मेलं नाही अशा घरून मोहरी आण म्हणाले. ती दारोदार फिरली, प्रत्येक घरचं दुःख तिनं ऐकलं, आणि जे समजायचं ते तिला तिच्याच पायांनी चालून समजलं. चांगला समुपदेशक नेमकं हेच करतो.

यात कोण काय करतो ते नीट लक्षात ठेवा, कारण इथं लोक फसतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मनाच्या आजाराचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो निदान करतो आणि औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो चाचण्या घेतो आणि बोलून उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. तिसरा समुपदेशक. या नावाची पाटी कुणीही लावताना दिसतो, म्हणून सरळ विचारायचं: तुमचं शिक्षण काय, किती बैठका लागतील, फी किती, आणि मी सांगितलेलं तुमच्याजवळच राहील ना? चांगला माणूस या प्रश्नांचा राग मानत नाही.

आणि औषध की बोलणं, असा वाद घालू नका. कानात आवाज येणं, कुणीतरी मारायला टपलं आहे अशी खात्री वाटणं, दिवसचे दिवस न झोपता भलत्याच जोशात राहणं, अशा आजारात औषध लागतंच. नुसत्या बोलण्यानं ते भागत नाही. उदासीनतेच्या औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आपण आठ दिवसांत म्हणतो, काही फरक नाही, आणि बंद करतो. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही.

आता मोठ्या माणसांसाठीचे बोलण्याचे उपचार. माझ्या भावावर कोणकोणते झाले हे मला पुढे अभ्यास करताना कळलं, म्हणून त्याच्याच उदाहरणानं सांगते.

पहिला, ऐकून घेण्याचा. कार्ल रॉजर्स नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचं म्हणणं असं की समोरच्याला तोलायचं नाही, त्याच्या जागेवरून त्याचं दुःख पाहायचं आणि आपण खोटं वागायचं नाही. या तीन गोष्टी मिळाल्या की माणूस आतून मोकळा व्हायला लागतो. ते पंधरावीस मिनिटांचं गप्प बसणं हा त्याचाच भाग होता.

दुसरा, विचार तपासण्याचा. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि ॲरन बेक यांनी १९६० नंतर ही पद्धत उभी केली. आपल्याकडे तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला विचार आपल्याला जास्त छळतो, हे तिचं सूत्र. समुपदेशकांनी भावाला कागदावर लिहायला लावलं: "मी घराला ओझं आहे." मग विचारलं, याला पुरावा काय? घरातलं कोण तसं म्हणालं? तुझ्या मित्राला नोकरी लागली नसती तर तू त्याला ओझं म्हणाला असतास का? तो म्हणाला, "नाही." "मग स्वतःसाठी वेगळा कायदा का?" हळूहळू त्या वाक्याच्या जागी दुसरं वाक्य आलं: "नोकरी लागली नाही हे खरं, त्याचं दुःख आहे हेही खरं, पण त्यानं माझी किंमत शून्य होत नाही." हे तोंडपाठ करून होत नाही. आठवड्यामागून आठवडे सराव लागतो.

तिसरा, कृतीचा. उदास माणूस म्हणतो, बरं वाटलं की उठेन. ही पद्धत म्हणते, आधी थोडं उठ, मग बरं वाटेल. भावाला पहिलं काम काय दिलं माहीत आहे? रोज सकाळी कोपऱ्यावरून दूध आणायचं आणि वहीत लिहायचं की जाण्याआधी कसं वाटलं आणि आल्यावर कसं वाटलं. मला तेव्हा हसू आलं होतं. बी. एड. झालेल्या माणसाला दूध आणायचं औषध! पण दुधापासून वाचनालयापर्यंत, वाचनालयापासून गल्लीतल्या दोन पोरांच्या शिकवणीपर्यंत तो असाच पायरी पायरीनं आला.

भीतीच्या आजारातही पायऱ्याच असतात. अपघातानंतर एखाद्या बाईला एस. टी.त बसायची धास्ती बसली, तर पहिल्या दिवशी नुसतं स्टँडवर जाऊन बसायचं. मग उभ्या गाडीत बसायचं. मग बडनेऱ्यापर्यंत जाऊन यायचं. भीती टाळली की वाढते, आणि थोडी थोडी भेटली की कमी होते. वारंवार हात धुणं, दहादा कुलूप पाहणं, या आजारातही याच धर्तीचा उपचार आहे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे मुंबई-पुण्याचं झालं. आमच्या खेड्यात कुठला आला मानसशास्त्रज्ञ? म्हणून आता तुमच्याच जिल्ह्याची गोष्ट सांगते, जी जगातल्या डॉक्टरांनी वाचली आणि आपल्यालाच फारशी माहीत नाही.

शेतकरी आत्महत्यांनी आपला वऱ्हाड देशभर बदनाम झाला. कापूस, सोयाबीन, कर्ज, नापिकी, सावकार, हे सगळं खरंच आहे, आणि त्याची उत्तरं बाजारात आणि सरकारातच शोधावी लागतील. समुपदेशनानं कर्ज फिटत नाही, हे मी आधीच कबूल करते. पण कर्ज असलेल्या दोन माणसांपैकी एक टिकतो आणि एक खचतो, त्यात मनाच्या आजाराचाही वाटा असतो. हे ओळखून अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यात होते. त्यांनी गावागावांत डॉक्टर नेऊन बसवले नाहीत, तेवढे डॉक्टर आहेतच कुठे? त्यांनी साधे कार्यकर्ते तयार केले. ते घरोघर गेले, छोट्या बैठका घेतल्या, उदासीनता हा आजार आहे आणि तो बरा होतो हे आपल्या बोलीत सांगितलं. ज्याला गरज त्याला प्रशिक्षित समुपदेशकाकडे, आणि आजार जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे, अशी साखळी बांधली.

निकाल २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. आधी उदासीनतेच्या १०० रुग्णांपैकी जेमतेम ४ जण उपचाराला जात होते. १८ महिन्यांनी २७ जण जाऊ लागले. उदासीनतेचं प्रमाण १४.६ टक्क्यांवरून ११.३ टक्क्यांवर आलं. वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आलेले लोक ५.२ टक्के होते, ते २.५ टक्के झाले. म्हणजे निम्म्याहून कमी. आकडे लहान दिसतात, पण एकेका टक्क्यात किती चुली आहेत ते मोजा.

गोव्यातही असंच झालं. तिथं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत कृतीचा उपचार केला, तोच दूध आणण्याचा. तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांपैकी ६४ टक्के आजाराबाहेर आले होते, आणि केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. हाही अभ्यास २०१७ सालचाच. महाराष्ट्र शासनानंही २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्हे होते.

आता दारूबद्दल, कारण ती टाळून हा विषय पुरा होत नाही. मद्यपान करणार नाही ही आपली प्रतिज्ञा आहे. पण घरोघरची स्थिती माझ्या भगिनींना माहीत आहे. मला एक गोष्ट खटकते. आपल्यातला जो माणूस प्यायला लागतो, तो सगळ्यात आधी विहारात यायचं सोडतो. कारण त्याला तोंड दाखवायची लाज वाटते. म्हणजे ज्याला आधाराची सगळ्यात जास्त गरज, तोच दाराबाहेर! व्यसन हा आजार आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर थरथर, भास, झटके येऊ शकतात, म्हणून सोडताना डॉक्टर लागतो. नंतर लागतो गट. व्यसनी माणसाचं व्यसनी माणसालाच जास्त कळतं, या एका विचारावर १९३५ साली अमेरिकेत 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' उभी राहिली. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथं पिणाऱ्यांच्या बायकांसाठीही गट आहे, कारण पिणारा एक असतो आणि आजारी सगळं घर असतं. याला गटोपचार आणि कुटुंबोपचार म्हणतात.

नवरा-बायकोचं समुपदेशनही असतं. कौटुंबिक न्यायालयात त्यासाठी समुपदेशक असतात. पण भगिनींनो, एक लक्षात ठेवा. मारहाण होत असेल तर "थोडं सहन कर" असं सांगणारा समुपदेशक खरा नाही. तिथं आधी तुमची सुरक्षितता, आणि त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे.

आता लेकरांकडे येऊ. लेकरू मोठ्यांसारखं "मी उदास आहे" असं म्हणत नाही. त्याच्या शाळेच्या दिवशीच पोट दुखतं. ते चिडतं, मारतं, वस्तू फेकतं. आधी सुकं झोपणारं पोर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं. आपण त्याला धपाटा देतो. लेकराचं वागणं ही त्याची भाषा असते आणि आपण त्या भाषेला मारतो. मी शिक्षिका म्हणून हे पाप किती वेळा केलं, त्याची मोजदाद नाही.

लहान मुलांचा उपचार खेळातून होतो. व्हर्जिनिया अॅक्सलाइन या बाईंनी १९४७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. बाहुल्या, माती, रंग, चित्रं समोर ठेवायची आणि मूल काय करतं ते पाहायचं. जे तोंडानं सांगता येत नाही ते मूल बाहुलीकडून बोलवून घेतं. थोड्या मोठ्या मुलांना विचार तपासायला शिकवता येतं, चित्रांतून, गोष्टींतून.

पण लहान मुलांच्या बाबतीत अर्धा उपचार आईबापाचा असतो. त्याला पालक-प्रशिक्षण म्हणतात. त्यातली एक गोष्ट आजच घरी करता येते. रोज १५ मिनिटं लेकरासोबत बसा. मोबाइल बाजूला, अभ्यास विचारायचा नाही, चुका काढायच्या नाहीत. तो खेळेल ते खेळायचं. आणि दिवसभरात त्यानं काही चांगलं केलं की लगेच बोलून दाखवायचं. आपण चुकीकडे शंभरदा पाहतो आणि चांगल्याकडे एकदाही नाही. मूल वेडं नसतं. ज्यानं लक्ष मिळतं तेच ते पुन्हा करतं.

काही मुलं हुशार असून वाचता-लिहिताना अडखळतात. 'ब'चा 'व' करतात, ओळ सोडतात. २००७ साली 'तारे जमीन पर' आला तेव्हा मी चित्रपटगृहात बसून रडले. माझ्या वर्गातली तीन-चार नावं डोळ्यांपुढे आली, ज्यांना मी मठ्ठ म्हटलं होतं. त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आहे, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम आहे, मानसिक आजारही आहे. रीतसर तपासणी करून प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. हा हक्क आहे, दान नाही.

मोठ्या पोरांचं वेगळं. दहावी-बारावी, नीट, पोलीस भरती, एमपीएससी. आपल्या समाजात शिक्षणाला फार मोल, आणि ते असायलाच हवं. पण एका मुलाच्या खांद्यावर दोन पिढ्यांचं स्वप्न ठेवताना त्याचा खांदा केवढा आहे तेही पाहावं. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. निकालाच्या दिवशी पोराला एवढंच सांगा: "निकाल काहीही लागो, जेवायला घरी ये."

आणि एखादं लेकरू कुणाच्या वाईट स्पर्शाबद्दल सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवा. नात्यातला माणूस आहे म्हणून दाबू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं हे कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८.

मला नेहमी एक प्रश्न विचारतात. "ताई, आपल्याकडे ध्यान आहे, विपश्यना आहे, मग समुपदेशक कशाला?" प्रश्न चांगला आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी ध्यानावर आधारलेला ताण कमी करण्याचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम रुग्णालयात सुरू केला. पुढे उदासीनता पुन्हा उलटू नये म्हणून ध्यान आणि विचार तपासणं यांची जोड देणारी पद्धतही आली. श्वासाकडे पाहण्याची जी रीत आपण आपली म्हणतो, ती आज जगातल्या दवाखान्यांत आहे, याचा अभिमान वाटतो. पण गंभीर आजारात असलेल्या माणसाला थेट दहा दिवसांच्या शिबिरात नेऊन बसवू नका. विपश्यना केंद्रंसुद्धा गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिर न करण्याचाच सल्ला देतात. आधी डॉक्टर, मग त्यांच्या सल्ल्यानं ध्यान.

मदत कुठं मिळते? अमरावतीला इर्विन म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय, अकोल्याला सर्वोपचार. तिथं जाऊन मानसोपचार विभागाची विचारणा करा. आणि जिथं जाता येत नाही तिथं फोन. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक आपल्या विहाराच्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवा अशी माझी समितीला विनंती आहे. कायदाही आता बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सरकारी मानसिक उपचार हा नागरिकांचा हक्क ठरवला. ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र ताणात होता असं गृहीत धरून त्याला शिक्षा नाही, तर काळजी द्यायची, असं त्यात लिहिलं आहे. माझ्या भावाच्या वेळी हे असतं, तर त्या जबाबाच्या भीतीनं आम्ही तोंड लपवून घरी आलो नसतो.

शेवटी एक मागणं मागते. आफ्रिकेत झिम्बाब्वे नावाचा देश आहे. तिथं डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ च्या सुमारास एक साधी गोष्ट केली. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवला आणि त्यावर वस्तीतल्या आज्या बसवल्या, प्रशिक्षण देऊन. त्या देशात उदासीनतेला जो शब्द आहे, 'कुफुंगिसिसा', त्याचा अर्थ फार विचार करणं. आपल्या बायाही हेच म्हणतात ना, "लय इचार येतात वं माय"? त्या आज्यांपाशी बोलून लोक बरे झाले, आणि २०१६ साली शास्त्रीय चाचणीतही ते सिद्ध झालं.

आज्या आपल्याकडे कमी आहेत का? विहार तर आहेच. एका कोपऱ्यात एक सतरंजी, आठवड्यातून एक संध्याकाळ. महिला मंडळातल्या दोन बाया आणि दोन पुरुष यांनी रीतसर प्रशिक्षण घ्यावं. नियम तीनच: ऐकायचं, उपदेश करायचा नाही, आणि ऐकलेलं त्या सतरंजीबाहेर न्यायचं नाही. जिथं आपलं काम संपतं तिथं डॉक्टरांचा रस्ता दाखवायचा, हवं तर सोबत जायचं. कुणी मरणाची भाषा बोलला तर घाबरून विषय बदलायचा नाही. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असं सरळ विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. आणि त्याला त्या दिवशी एकटं सोडायचं नाही.

माझा भाऊ आज अकोल्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. फॉर्म भरायला येणाऱ्या पोरांत एखादं गप्प गप्प दिसलं, तर त्याला बाजूच्या स्टुलावर बसवतो, चहा मागवतो आणि म्हणतो, "बस रे. घाई नाई." त्याची सहा वर्षं गेली ती काही परत येत नाहीत. बाबा तर त्याचं दुकान पाहायला राहिले नाहीत. पण आज इथं बसलेल्या दोनअडीचशे घरांपैकी एखाद्या घरात मागच्या खोलीत कुणीतरी भिंतीकडे तोंड करून पडलेला असेल, तर त्याची सहा वर्षं जाऊ देऊ नका. आज घरी गेल्यावर त्याच्याजवळ जाऊन बसा. काही बोलू नका. नुसते बसा. तो बोलेल.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम.